इंदिरा की अटलजी, लोकसभेत रेकॉर्ड कोणाचं भारी?

नुसते विजय मोजले तर अटलजी खूप पुढे, १० वेळा लोकसभेवर आणि तेही बलरामपूर, ग्वाल्हेर, नवी दिल्ली, विदिशा, गांधीनगर, लखनौ असं फिरत फिरत. पण पराभव पण आहेत हां! १९५७ ला तीन ठिकाणी उभे राहिले, बलरामपूर काढलं, लखनौ गेलं आणि मथुरेत तर डिपॉझिटच जप्त, मग १९६२ ला बलरामपूर पण गेलं आणि १९८४ ला ग्वाल्हेरमधे माधवराव शिंद्यांनी पाडलं. १९९१ पासून मात्र लखनौ सोडलंच नाही.

इंदिराबाईंचं वेगळंच. आधी राज्यसभा, लोकसभा थेट १९६७ ला रायबरेलीतून. १९७१ ला राजनारायणना लाखाच्या वर मतांनी हरवलं, पण तीच निवडणूक १९७५ ला अलाहाबाद कोर्टाने रद्द केली आणि १९७७ ला इंदिराबाई पंतप्रधान असताना त्याच राजनारायणांनी त्यांना पाडलं, म्हणजे बघा. बाई गप्प बसतात का, पुढच्याच वर्षी चिकमगळूरची पोटनिवडणूक जिंकून परत, मग सभागृहातून हकालपट्टी, आणि १९८० ला रायबरेली, मेडक दोन्ही खिशात (मेडक ठेवलं).

पक्षाच्या जागा बघितल्या तर इंदिराबाईच, १९७१ ला ३५२, १९८० ला ३५३. अटलजींच्या काळात भाजप १८२ च्या वर गेलाच नाही, सगळं आघाडीच्या जोरावर. कमबॅकला माझे मार्क इंदिराबाईंना, टिकून राहण्याला अटलजींना.