बेटावर जाताना आधी बॅगेची चेन बघा

‘खाऱ्या पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ खास समुद्रकिनाऱ्यासाठी म्हणून विकलेल्या बॅगेबद्दल मला हे लेखी उत्तर मिळालं आहे. कंपनीचं नाव देत नाही. मला बोलायचंय ते त्या बॅगेच्या चेनच्या रनरबद्दल, म्हणजे ओढून चेन उघडायच्या-लावायच्या त्या छोट्या तुकड्याबद्दल, आणि त्या रनरमुळे बेटावर न्यायच्या आमच्या सगळ्या सामानाची निवड कशी बदलली त्याबद्दल.

बॅग काही महिने वापरली. दोन मुलं, आम्ही दोघं, ऊन, वाळू, बोटी. कापड अजून उत्तम आहे, शिलाई कुठे उसवलेली नाही, आतला जाळीचा कप्पा शाबूत आहे. फक्त तिचं तोंड उघडत नाही. बोटीवर धाकटीला उलट्या सुरू झाल्या, कोरडे कपडे आणि ओआरएस बॅगेत, आणि रनर ढिम्म हलेना. नवऱ्याने जोर लावला तर ओढायची पट्टी तुटून हातात आली. शेवटी नावाड्याने सुरीने कापड फाडून दिलं. मूल हातात कळवळत असताना दोन बोटांएवढ्या धातूच्या तुकड्यापायी सामान अडून बसावं, याचा राग मला अजून येतो.

हे का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वरून रंग दिलेला. दातांवरून घसरताना तो रंग आतल्या बाजूने घासून जातो आणि जस्त उघडं पडतं. आमच्या बॅगेचे दात पितळी होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारं पाणी, अशा जोडीत जस्त आधी झिजतं. रनरच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसायला लागली की समजायचं, आत काम सुरू झालंय. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळलं तरी ते तिथेच राहतात, आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं. बेटावरच्या रात्री त्याहून दमट असतात. म्हणजे दिवसभर उन्हात वाळवलेली बॅग रात्री आतून परत खारट ओली.

कस्टमर केअरचा मुलगा नम्र होता, पण त्याचे प्रश्न ठरलेले होते. ‘मॅडम, वापरल्यावर गोड्या पाण्याने धुतली होती का?’ धुतली होती. ‘मग ओली ठेवली गेली असेल.’ नव्हती ठेवली. ‘मॅडम, धातूच्या भागांवर वॉरंटी नाही.’ मग किनाऱ्यावर न्यायच्या बॅगेला धातूचा भाग लावता कशाला, याला उत्तर नव्हतं. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं, ते मी घेतलं नाही. तशीच चेन असलेली दुसरी बॅग मला कमी पैशातही नको आहे.

बॅग घ्यायचीच असेल तर दात प्लास्टिकचे आहेत एवढ्यावर भुलू नका. ‘न गंजणारी चेन’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बरेचदा ते दातांबद्दल असतं, रनर धातूचाच निघतो. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण जस्त आणि पितळ दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. बोट लावून बघा: थंडगार आणि जड लागला तर धातू. आधीची बॅग टिकवायची असेल तर नुसतं वरून पाणी मारणं पुरत नाही. चेन गोड्या पाण्यात बुडवून रनर पाण्यातच मागेपुढे फिरवायचा, म्हणजे त्याच्या पोटातलं मीठ सुटतं. वाळल्यावर दातांवर मेणबत्ती घासायची.

आता आम्ही ड्राय बॅग वापरतो, म्हणजे चेनऐवजी तोंड वरून गुंडाळून बंद करायची, पाणी आत न येऊ देणारी पिशवी. पहिले काही दिवस मला ती अजिबात आवडली नव्हती. दर वेळी गुंडाळी सोडा, हवी ती वस्तू नेमकी तळाशी, मुलांना बंद करता येत नाही. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान आणि वेगवेगळ्या रंगांच्या घेतल्यावर मत पालटलं. लालमध्ये औषधं, फोन, कागदपत्रं, निळीत कपडे. निदान तीन घड्या बसतील एवढी जागा वर मोकळी सोडावी लागते, गच्च भरली तर पाणी शिरतं. शिंतोडे, पाऊस, थोडा वेळ पाण्यात पडणं हे ती सहन करते. पाण्याखाली न्यायला ती नाही. ओले कपडे मात्र बंद करून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत असह्य वास येतो. त्यासाठी साधी जाळीची पिशवी न्या, वाळूही गळून जाते.

फोन आयपी 68, म्हणजे पाणी-धूळ रोखणाऱ्या दर्जाचा असला तरी ड्राय बॅगेतच ठेवते. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राबद्दल ती काही सांगत नाही. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलंच, तर पूर्ण वाळेपर्यंत केबल लावायची नाही.

ज्यावर खर्च केलेला पैसा खरंच वसूल झाला, ते म्हणजे पूर्ण बाह्यांचे रॅश गार्ड, पाण्यात घालायचे अंगाला घट्ट बसणारे शर्ट. यूपीएफ 50 म्हणजे अतिनील किरणांचा फार तर पन्नासावा भाग आत येतो. पांढऱ्या सुती टी-शर्टचा हाच आकडा 5 ते 7च्या आसपास असतो आणि तो ओला झाला की आणखी घसरतो, त्यामुळे ‘पाण्यात टी-शर्ट घाल’ यात फारसा अर्थ नाही. हिशेब असा: सनस्क्रीनवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाच्या अंगाला त्या मापाने एका वेळी साधारण 30 मिली लागतं, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर परत लावायचं असतं. चार जणांच्या कुटुंबाला एक बाटली दिवसभरही पुरणार नाही. अंग कापडाने झाकलं की चेहरा, मान, हात आणि पावलं एवढंच उरतं. क्रीम वाचलं, मुलांच्या मागे बाटली घेऊन पळणं संपलं.

चेन इथेही आहेच. रॅश गार्ड पाठीला चेन नसलेलेच घ्या, असं मी पहिल्यांदा मैत्रिणींना सांगत होते. मोठ्यांसाठी अजूनही तेच सांगेन. पण ओल्या अंगावरून डोक्यातून काढायचा घट्ट कपडा चार वर्षांच्या मुलीसाठी छळ असतो. तिला पुढून पूर्ण उघडणारा, प्लास्टिक दात आणि प्लास्टिक रनरवाला घेतला. थोरल्याचा बिनचेनचा उत्तम चाललाय.

सनस्क्रीन भरताना जाण्याच्या जागेचे नियम बघून घ्या. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही प्रवाळाला घातक मानलेली रसायनं असलेली सनस्क्रीन 1 जानेवारी 2021पासून विकता येत नाहीत. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने 1 जानेवारी 2020पासून बंदी आणली, त्यांची यादी अधिक लांब आहे आणि प्रवाशांकडची बाटली जप्त करण्याची तरतूदही मूळ कायद्यात होती. ‘प्रवाळाला सुरक्षित’ या शब्दांना सगळीकडे लागू अशी कायदेशीर व्याख्या नाही, म्हणून मागचे घटक वाचा. आम्ही झिंक ऑक्साइडचं वापरतो. चेहरा पांढरट दिसतो, मला चालतं. हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा मोठी बाटली बऱ्याच विमानतळांवर चालत नाही, मोठी चेक-इनमध्ये टाका. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर क्रीमवर विसंबू नका, सावली आणि कपडे हाच उपाय.

डासांच्या औषधाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. डीट हे रसायन असलेलं औषध काही प्रकारचं प्लास्टिक आणि स्पॅन्डेक्स खराब करतं. गॉगल, घड्याळाची प्लास्टिकची काच, रॅश गार्ड, आणि चेनचं प्लास्टिक तसलं असेल तर तीही. धातू टाळून प्लास्टिककडे आलेल्या माणसाने डीट फवारलं की सगळी बचत पाण्यात जाऊ शकते. डासांसाठीचंच दुसरं रसायन, पिकारिडिन, प्लास्टिकला धक्का लावत नाही आणि त्याला वासही कमी; 20 टक्क्यांचं घेतलं आहे. आधी सनस्क्रीन, ते अंगात जिरल्यावर डासांचं.

बाकीचं फार लांबवत नाही. प्रवाळ आणि समुद्री साळूचे काटे असतात तिथे जाड तळाचे पाण्यातले बूट हवेतच, साध्या चपला लाटेत निघून जातात. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवा, म्हणून एक लिटरची खूण असलेली बाटली सोबत ठेवा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. लहान मुलांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. पॉवर बँक हातातल्या सामानात. 20,000 एमएएचची बँक 74 वॅट-तासांची होते, मर्यादा 100ची आहे.

स्नॉर्कलचा मास्क तिथे भाड्याने मिळतो, पण मुलांच्या मापाचा मिळेलच असं नाही, आणि मोठ्या माणसाचा मास्क लहान चेहऱ्यावर गालांपाशी गळतो. घरून न्या. घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो जागेवर राहिला तरच घ्यायचा. कडा सिलिकॉनची, काच टेम्पर्ड. धाकटीला आम्ही पाच-सहा लावून बघितले तेव्हा एक बसला.