भाड्याने द्यायला जुने घर विकत घेण्याआधीची स्ट्रक्चरल तपासणी: जळगाव-भुसावळ-धुळ्यात मिळते ती सेवा कितपत कामाची?

जुने घर घेण्याआधी इंजिनिअरकडून तपासून घ्यायची सेवा आपल्याकडे साधारण तीन तऱ्हांची मिळते. पहिली म्हणजे नुसती पाहणी: एक भेट आणि लेटरहेडवर दोन परिच्छेद. दुसरीत हातोडी, रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारे उपकरण), फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून काँक्रीटची अवस्था दाखवणारे द्रावण) वगैरे घेऊन तपासणी होते आणि फोटोंसह अहवाल येतो. तिसरीत या अहवालाला मापांसह अंदाजपत्रक जोडलेले असते. भाड्याने द्यायच्या घरासाठी घ्यायची तर तिसरीच घ्यावी. ‘स्लॅबला काही ठिकाणी दुरुस्ती आवश्यक, खर्च अंदाजे अमुक लाख’ असल्या वाक्यावर विकणाऱ्याशी भाव पाडता येत नाही आणि ठेकेदाराकडून दरही मागता येत नाही. कुठल्या खोलीत किती चौरस फूट, किती जाडीचे काम आणि किती किलो सळई, एवढे कागदावर आले तर फी वसूल झाली.

या सेवेचा सगळ्यात भरवशाचा भाग स्लॅबची तपासणी. छताला उघड्या पडलेल्या सळया कोणालाही दिसतात, पण अंदाज चुकतो तो न दिसणाऱ्या भागात. समजा, 12 बाय 14 फुटांची खोली आहे, म्हणजे 168 चौरस फूट. पापुद्रे सुटलेला भाग 20 चौरस फूट दिसतो. चांगला माणूस शिडीवर चढून सगळा स्लॅब हातोडीने वाजवतो. खणखणीत आवाज आला तर तिथे काँक्रीट घट्ट आहे, बद्द आवाज आला तर आत पोकळी धरलेली आहे. खडूने बद्द भागाच्या कडा आखल्या की 20 चे 50 चौरस फूट सहज होतात, विशेषतः वर बाथरूम किंवा पाण्याची टाकी असेल तेव्हा. प्रत्यक्ष काम करताना गंज नसलेली सळई लागेपर्यंत फोडत जावे लागते, म्हणून आखलेल्या मापावर आणखी पाव भाग धरावा. हा पाव भाग अंदाजपत्रकात नसेल, तर तोच पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून बिलात येतो.

जाडीचेही तसेच. पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा सिमेंट-वाळूचा माल, एका थरात साधारण 10 ते 12 मिमीच बसते, जास्त थापले की लोंबते आणि सुटते. सळईच्या मागेपर्यंत फोडून 40 मिमी भरायचे असेल तर चार थर लागतात. त्यामुळे ‘पॉलिमर मॉर्टर, दर प्रति चौरस फूट’ एवढेच लिहिलेल्या अंदाजाला अर्थ नाही, जाडी लिहिलीच पाहिजे. सळई व्हर्नियरने मोजून घ्यावी. 10 मिमीची सळई गंजून 8 मिमी उरली असेल तर डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, पण छेदाचे क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी घटलेले असते. तिथे नुसता गंजरोधक रंग लावून भागत नाही, जोडसळई टाकावी लागते. तिचे वजन काढायचे सूत्र साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असते: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 10 मिमीला मीटरमागे 0.617 किलो.

रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. बऱ्याच अहवालांत पानभर आकडे असतात आणि तेच खरे शास्त्र वाटते. गिलाव्यावर हॅमर मारला असेल तर तो आकडा गिलाव्याचा, काँक्रीटचा नव्हे. गिलावा काढून, पृष्ठभाग दगडाने घासून मगच रीडिंग घ्यायचे असते. शिवाय जुन्या काँक्रीटची वरची कातडी कार्बोनेशनने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून, कडक होते, त्यामुळे आकडा खोटा चढतो. नीट घेतलेल्या रीडिंगवरूनही ताकदीचा अंदाज 25 टक्के इकडे-तिकडे होतो. त्यापेक्षा फिनॉल्फ्थॅलीनची फवारणी स्वस्त आणि जास्त बोलकी. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थराची खोली कव्हरपेक्षा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीपेक्षा, जास्त निघाली, तर तिथल्या सळईचे संरक्षण संपलेले आहे, आज गंज दिसो वा न दिसो. स्लॅबला कव्हर 20 मिमी आणि कॉलमला 40 मिमी असायला हवे. जुन्या घरांत ते बरेचदा त्याहून कमी सापडते.

गच्चीकडे अहवाल हमखास हलके पाहतात. खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, स्लॅब दिवसभर ताणतो, रात्री आखडतो आणि कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, कठड्याच्या कडेने फाटतो. मग मागचा मालक जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतो. चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतो. वावर असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरायचा भार 150 किलो. म्हणजे एकाच जादा थराने माणसांसाठी ठेवलेली सगळी जागा खाल्ली! 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर हा थर साडेअठरा टनांच्या घरात जातो. पन्हाळीच्या तोंडाशी किंवा कठड्याच्या कडेला छोटे भोक पाडून थर मोजायला सांगा. दोन निघाले तर दोन्ही उतरवायचा खर्च धरा: एका थराचे घट्ट माप सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), फोडून सुटा झाल्यावर साडेचार-पाच ब्रास मलबा, त्याला वरून खाली आणायची मजुरी आणि ट्रॉलीच्या खेपा. इथे अंदाजपत्रके कायम कमी पडतात.

आता या सेवेची खरी कमकुवत बाजू: पाया. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा यांच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला किंवा विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेला तडा एका भेटीत पाहून चालू आहे की थांबलेला, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ऑक्टोबरात मिटलेला तडा मे महिन्यात पुन्हा तोंड उघडतो. म्हणून अहवालात ‘पाया समाधानकारक’ एवढेच असेल तर आधार विचारा. तड्याच्या आत जुना रंग किंवा जाळी-धूळ असेल तर तो जुना. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजा. दोन-तीन महिने हाताशी असतील तर तड्यावर सिमेंटने काचेची पट्टी बसवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी फुटली की उत्तर मिळाले. त्याच फेरीत शोषखड्डा भिंतीपासून किती लांब आहे, न्हाणीचे पाणी कुठे मुरते आणि झाड त्याच्या उंचीपेक्षा जवळ आहे का, हेही बघावे. निम्म्या वेळा पाण्याची वाट बदलणे आणि जोत्याभोवती मीटरभर रुंद उताराची फरशी करणे, एवढ्यावर हालचाल आटोक्यात येते. पायाखाली आधार देण्याचा खर्च मात्र जोत्यालगत खड्डा खणून पायाची खोली बघितल्याशिवाय काढता येत नाही. न खणता कोणी तो आकडा दिला तर तो अंदाजपत्रकातून खोडून टाकावा.

पेठेतल्या धाब्याच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या, घरांसाठी ही सेवा जवळपास निरुपयोगी आहे. तिथे जाणता सुतारच न्यावा: भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला पेचकस टोचून लाकूड मऊ लागते का, वाळवीचा माग आहे का आणि वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने धाबे किती जाड झाले, हे तो चटकन सांगतो.

वॉटरप्रूफिंगचे सामान विकणाऱ्यांची मोफत तपासणी या कामासाठी घेऊ नये; तिचा निष्कर्ष बहुतेक वेळा त्यांच्याच डब्यापाशी येतो. तपासणारा आणि काम करणारा वेगळा असावा. मापांचा तक्ता दोन ठेकेदारांना दर रिकामे ठेवून द्यावा आणि आलेले दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून पाहावेत. टेकू, परांची, मलबा, जीएसटी आणि अनपेक्षित कामासाठी 15 ते 20 टक्के या ओळी स्वतंत्र हव्यात.

भाड्याचे गणित इंजिनिअर करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. आयकरात घरभाड्यावर 30 टक्क्यांची ठोक वजावट मिळते. स्लॅबवर प्रत्यक्षात कितीही खर्च झाला तरी दुरुस्तीची वेगळी वजावट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार घर राहण्याजोगे ठेवणे घरमालकाचे काम आहे. नोटीस देऊन 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. स्लॅबखाली टेकू असेपर्यंत खोली वापरता येत नाही, म्हणून तेवढ्या महिन्यांचे बुडणारे भाडेही खर्चात धरावे. घर भाडेकऱ्यासह विकत घेत असाल, तर कामापुरती खोली रिकामी करून मिळेल असे विसार देण्याआधी त्याच्याकडून आणि विकणाऱ्याकडून लेखी घ्या.