ओपीडीच्या फेरीतच होणारी वैद्यकीय चाचणी : दीड वर्षाचा अनुभव

माझी आई स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर पुण्यातील एका रुग्णालयात नियमित तपासणीसाठी जाते आणि गेले दीड वर्ष ती तेथील एका वैद्यकीय चाचणीतही, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासातही (क्लिनिकल ट्रायल), सहभागी आहे. चाचणी अजून चालू आहे आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. मात्र ज्यांच्या घरात 'तुम्ही चाचणीत भाग घ्याल का?' असा प्रश्न येईल, त्यांना या सेवेची नीट कल्पना यावी एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे माझ्यावर प्रयोग करणार का?" डॉक्टरांनी तो टाळला नाही, याचे मला फार मोल वाटते. त्यांनी सांगितले की औषध घेण्याच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही आजही डॉक्टर वापरतात, पण त्यांपैकी सरस कोणती हे ठरवण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही. त्यामुळे एरवी डॉक्टरांच्या सवयीवर ठरणारी गोष्ट येथे संगणक ठरवेल आणि पुढे काय झाले याची नोंद ठेवली जाईल. "नाही म्हणालात तरी उपचार हेच, डॉक्टरही मीच," हे त्यांचे वाक्य ऐकल्यावर आई शांत झाली. तरीही आम्ही चार दिवस मागून घेतले आणि ते कोणतीही कुरकुर न करता मिळाले.

या सेवेतील सर्वांत चांगली बाब म्हणजे चाचणीसाठी वेगळी फेरी मारावी लागत नाही. आम्ही भोरहून एसटीने येतो, त्यामुळे एक जादा फेरी म्हणजे आईचा अख्खा दिवस आणि माझी एक रजा. येथे रक्त एकदाच घेतात. नेहमीच्या नळ्यांसोबत जांभळ्या टोपणाची एक नळी जास्तीची भरतात, सुई दुसऱ्यांदा टोचत नाहीत. चाचणीचे काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटर ताई ओपीडीच्या रांगेतच आईशेजारी बसून "काकू, झोप कशी लागते? पायात मुंग्या येतात का?" असे विचारतात आणि उत्तरे फॉर्ममध्ये भरतात. एकदा तळपायाच्या मुंग्यांची गोष्ट आईने डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. ती ताईंच्या प्रश्नामुळे बाहेर आली आणि त्याच दिवशी औषधात बदल झाला. चाचणी रोजच्या उपचारात मिसळली की रुग्णाकडे जास्तीचे लक्ष कसे जाते, हे मी त्या दिवशी पाहिले.

अशा पद्धतीचे महत्त्व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दाखवून दिलेले आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०२२ या काळात देशातील ११ केंद्रांवर झालेल्या चाचणीत स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे आपल्या दातांच्या डॉक्टरांकडेही असणारे भुलीचे साधे औषध, टोचले गेले. शस्त्रक्रिया तर होणारच होती. त्यात एका इंजेक्शनाची भर पडली. १५८३ स्त्रियांच्या नोंदींवरून असे दिसले की पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के, तर न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के होते. इतक्या स्वस्त औषधासाठी असा अभ्यास एखादी कंपनी हाती घेईल, असे मला वाटत नाही. तो रोज शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच करायचा असतो. ब्रिटनमधील कोविडच्या उपचारांवरील 'रिकव्हरी' चाचणीनेही मार्च २०२० मध्ये सुरू होऊन जूनमध्येच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात असा निष्कर्ष दिला, कारण ती सरकारी आरोग्यसेवेच्या नेहमीच्या वॉर्डांतच चालली आणि आधीच दमलेल्या कर्मचाऱ्यांवरचे नोंदींचे ओझे जाणीवपूर्वक कमी ठेवले गेले.

आता तक्रारी. मराठी संमतीपत्र वाचवत नाही. सतरा पाने आहेत आणि दुसऱ्याच पानावर 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल' असे वाक्य येते. सातवीपर्यंत शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी माझी आई तेथे थांबली ती थांबलीच. ताईंनी "चिठ्ठी टाकून ठरवतात ना, तसं, फक्त चिठ्ठी संगणक काढतो" असे सांगितले आणि तिला क्षणात कळले. हेच वाक्य कागदावर का असू नये? जो मजकूर तोंडी समजावल्याशिवाय कळत नाही, त्यावर घेतलेली सही मला अपुरी वाटते, मग समजावणारी व्यक्ती कितीही प्रामाणिक असो.

दुसरी अडचण माणसांची आहे. सारा डोलारा एकाच कोऑर्डिनेटरवर उभा आहे. त्या रजेवर असताना एकदा प्रश्नावली राहून गेली आणि आम्हाला केवळ त्यासाठी चार दिवसांनी पुन्हा बोलावले; जाण्यायेण्याचे पैसे कबूल केले होते, पण ते तीन महिन्यांनी हाती पडले. पंधरा मिनिटांच्या प्रश्नावलीचे प्रशिक्षण ओपीडीतील एखाद्या सिस्टरला दिले असते, तर ही वेळ आली नसती.

सहभागी होणाऱ्यांनी सही केलेल्या संमतीपत्राची प्रत अवश्य मागून घ्यावी आणि तिच्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर आहे ना, हे पाहावे. चाचणीचा सीटीआरआय क्रमांकही विचारावा. चाचण्यांची ही राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. मधूनच बाहेर पडायचे असेल तर कारण द्यावे लागत नाही, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

गेल्या भेटीत मी संमतीपत्रातील न कळलेल्या अकरा वाक्यांखाली रेघा मारून ती प्रत संशोधन कक्षात दिली. ताईंनी तिची झेरॉक्स काढून ठेवली आणि सुधारित मसुदा कमिटीपुढे जाण्याआधी आईला वाचायला देऊ, असे सांगितले. पुढची तारीख अजून पाच आठवड्यांनी आहे. आईने चष्मा आतापासूनच पिशवीत ठेवला आहे.