वणावरची मलमं, लेसर आणि ‘वणच पडणार नाही’ म्हणणारी औषधं: काय घ्यावं, कशासाठी थांबू नये

उसाच्या फडात पिंढरीवर बसलेला कोयता, सायलेन्सरचा चटका, सिझेरियनचा टाका, कान टोचल्यावर पाळीवर वाढलेली गाठ, आणि अजूनही काही खेड्यांत लेकराच्या पोटावर दिली जाणारी डागणी. मराठवाड्यात स्किन क्लिनिकच्या दारात येणारे वण बहुतेक या वाटांनी येतात. क्लिनिकच्या पाटीवर ‘वण 100 टक्के गायब’ असं लिहिलेलं असतं. त्या पाटीमागे प्रत्यक्षात काय मिळतं, त्यातलं कशाला पैसे द्यावेत, आणि परदेशातल्या प्रयोगशाळांतून ज्या ‘बिनवणाच्या’ औषधांच्या बातम्या मोबाइलवर येतात त्यांची वाट पाहावी का, याचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: ‘गायब’ हा माल आज कुठेच विक्रीला नाही. सपाट, मऊ, फिका, न खाजणारा वण मात्र मिळू शकतो, आणि त्यातला मोठा भाग क्लिनिकबाहेर, पहिल्या तीन महिन्यांत ठरतो.

जखम भरताना शरीर रफू करत नाही, ठिगळ मारतं. निरोगी कातडीत कोलॅजनचे, म्हणजे कातडीला ताकद देणाऱ्या प्रथिनाचे, धागे टोपलीसारखे उभे-आडवे विणलेले असतात. वणात ते एकाच दिशेला, धावदोरा घातल्यासारखे पडतात. म्हणून वण कितीही जुना झाला तरी मूळ कातडीच्या सुमारे 80 टक्क्यांपेक्षा जास्त ताकद त्याला येत नाही. त्यात केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात. ही दुसरी उणीव इकडच्या उन्हाळ्यात फार जाणवते: पाठ-छाती मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला 42 अंशांत अंग थंड ठेवता येत नाही. बिनवणाच्या उपचाराची आस निव्वळ दिसण्यासाठी असते असा समज असेल तर तो इथेच सोडावा.

वण जाड का होतो, याचं एक कारण ताण. छाती, खांदा, पाठ, गुडघा इथे कातडी सतत ओढली जाते आणि ती ओढ जखमेतल्या पेशींना ‘आणखी कोलॅजन टाका’ असं सांगत राहते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढच्या महागड्या औषधाचं मूळही यातच आहे.

स्वस्तातला माल आधी

सगळ्यात कमी किमतीत सगळ्यात जास्त काम करणारी वस्तू म्हणजे मेडिकलमधली साधी कागदी चिकटपट्टी, जिला सगळे मायक्रोपोर म्हणतात. टाके निघाले, जखम पूर्ण मिटली, ओल नाही, की वणावर ही पट्टी लावायची. वणाला आडव्या, एकमेकींना लागून पट्ट्या लावल्या तर दोन्ही काठ एकमेकांकडे धरले जातात. रोज काढायची नाही. ओढून काढली की नवी कातडी सोलते. आपोआप सुटेपर्यंत ठेवायची, मग नवी. किमान 12 आठवडे. उन्हाळ्यात घामाने दोन दिवसांतच सुटते, चालतं. खाली पुरळ आलं तर चार दिवस बंद. सिझेरियनच्या टाक्यासाठी हिच्याइतका फायद्याचा सौदा दुसरा नाही, आणि तरीही चिठ्ठीवर ती क्वचितच लिहिलेली दिसते.

दुसरी वस्तू सिलिकॉन जेल. कंपन्या बऱ्याच आहेत, आतला मुख्य घटक तोच. नावापेक्षा ‘सिलिकॉन’ हा शब्द आणि मुदतीची तारीख बघा. हे जेल वणावर पातळ पडदा धरतं, कातडीतलं पाणी उडू देत नाही, आणि ओलसर राहिलेल्या वरच्या थराखाली कोलॅजनची घाई कमी होते. लावायची पद्धत चुकते तिथेच पैसे जातात. वण धुऊन कोरडा करा, सकाळ-संध्याकाळ अगदी पातळ थर लावा, चार-पाच मिनिटं वाळू द्या. पाच मिनिटांनीही चिकट लागत असेल तर जास्त लावलंय, पुसून काढा. चोळून जिरवायचं नाही, ते जिरत नाही. वाळल्यावर वरून सनस्क्रीन लावता येतं. सात-आठ सेंटिमीटरच्या वणाला 15 ग्रॅमची ट्यूब साधारण तीन महिने पुरायला हवी. महिन्यात संपली तर हात सढळ आहे, आणि सहा महिने पुरली तर तुम्ही लावतच नाही आहात. उघड्या जखमेवर, खपलीवर लावू नये. सिलिकॉनवर झालेल्या अभ्यासांचा दर्जा फार भक्कम नाही, हेही सांगायला हवं. पण अपाय कमी आणि दुसरा सोपा पर्याय नाही, म्हणून जगभरचे डॉक्टर सुरुवात इथूनच करतात.

सिलिकॉनची पट्टी जेलपेक्षा फुगलेल्या वणावर बरी पडते, पण दिवसात 12 तासांहून जास्त ठेवावी लागते आणि मे महिन्यात तिच्याखाली घामोळ्या येतात. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज दोन-दोन तास वाढवत न्या. वणाच्या काठाबाहेर एक सेंटिमीटर येईल एवढी कापा. रोज सौम्य साबणाने धुवा, टॉवेलने पुसू नका, हवेवर वाळवा. चिकटपणा संपेपर्यंत तीच पट्टी दोन ते चार आठवडे चालते.

कांद्याच्या अर्काची जेल मात्र आमच्या मते भाकरीसोबतच्या कांद्याहून फार पुढे जात नाहीत. साध्या पेट्रोलियम जेलीशी तुलना झाली तेव्हा त्यांना ठळक आघाडी मिळाली नाही. आणि व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणं थांबवाच: 1999 च्या एका छोट्या अभ्यासात बहुतेकांना फायदा झाला नाही, उलट तिघांत एकाला त्याची ॲलर्जी उठली. लिंबू, चुना, टूथपेस्ट यांबद्दल बोलायची गरज नसावी. ताज्या भाजल्यावर हळद लावली की डॉक्टरला खोली कळत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा. भाजल्यावर लगेच 20 मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही. टँकरवरच्या गावात नळ 20 मिनिटं सोडता येत नाही हे कबूल. तिथे स्वच्छ ओलं फडकं ठेवून दर एक-दोन मिनिटांनी पुन्हा ओलं करा. आणि जी भाजलेली जखम 21 दिवसांत भरत नाही ती जाड वण देणारच असं धरून, त्याआधीच सर्जनला दाखवा.

टाक्यांचंही तसंच. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघायला हवेत, हातापायाचे 10 ते 14. सोयाबीन काढणी आहे म्हणून महिनाभर ठेवलेले टाके कातडीवर रेल्वेचे रूळ उमटवतात, आणि ते रूळ नंतर कुठलंही मलम पुसत नाही.

सुई, दाब, लेसर

वण जखमेच्या हद्दीतच फुगला असेल तर तो वर्ष-दीड वर्षात बराच बसतो. हद्द ओलांडून खेकड्यासारखा बाजूच्या कातडीत शिरत असेल तर तो केलॉइड. सावळ्या-काळ्या कातडीत, छाती-खांदा-जबडा-कानाची पाळी इथे जास्त. केलॉइड नुसता कापू नका. नुसता कापलेला केलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा. कापायचाच असेल तर त्यानंतर इंजेक्शन, दाब किंवा रेडिएशन यांची योजना कापण्याआधी कागदावर हवी. ‘आधी काढू, मग बघू’ असं उत्तर आलं तर उठा.

ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन हा इथला खरा कामाचा घोडा. मिलिलिटरला 10 ते 40 मिलिग्रॅम, दर चार ते सहा आठवड्यांनी, गाठीच्या आत. दुखतं, कारण केलॉइड दगडासारखा असतो. पहिल्या एक-दोन वेळा गाठीपेक्षा खाज आधी कमी होते. तीच औषध लागू पडल्याची खूण. औषध गाठीबाहेर गेलं किंवा जास्त झालं तर आजूबाजूची कातडी पातळ होते, पांढरी पडते, लाल शिरा दिसतात. मधुमेह असेल तर सांगा, साखर वाढते.

दाबाचे कपडे भाजलेल्यांसाठी. दिवसात 23 तास, सहा महिने ते वर्ष. मापाने शिवलेले हवेत, दोन जोड हवेत, आणि सैल झाले की बदलायचे. अडचण उपचाराची नाही, उन्हाळ्याची आहे: एप्रिल आला की बहुतेक जण सोडून देतात आणि मग पैसे वाया गेले म्हणतात.

लेसरबद्दल सर्वाधिक विचारणा असते, म्हणून थोडं सविस्तर. इथे बहुतेक ठिकाणी ‘लेसर’ म्हणजे फ्रॅक्शनल सीओटू, 10,600 नॅनोमीटरचा. तो वणात बारीक बारीक छिद्रं पाडतो, शरीर ती नव्याने भरतं, आणि प्रत्येक वेळी विणकाम थोडं सुधारतं. मुरमांच्या खड्ड्यांना आणि आखडलेल्या भाजलेल्या वणांना खरोखर उपयोग होतो. चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा. खोल, सुईने टोचल्यासारख्या खड्ड्यांना लेसरपेक्षा आम्ल टेकवण्याची पद्धत बरी, आणि खाली चिकटलेल्या खड्ड्याला आधी सुईने सोडवावं लागतं. ज्या क्लिनिकमध्ये सगळ्या खड्ड्यांना एकच मशीन लावतात तिथे मशीनचे हप्ते फेडले जात आहेत असं समजा.

आपल्या वर्णाला लेसरचा मुख्य धोका काळेपणाचा. ऊर्जा जास्त ठेवली, किंवा उन्हात रापलेल्या कातडीवर मारलं, की खड्डा कमी आणि डाग जास्त. म्हणून कानामागे किंवा कडेला आधी चाचणी मागा आणि चार आठवडे थांबा. नंतर पाच-सात दिवस खपल्या, त्या काळात ऊन नाही. शेतात उतरणाऱ्या माणसाने हे मार्च ते मेमध्ये करूच नये. लग्नाला तीन आठवडे उरले असताना येणाऱ्या नवऱ्या मुलीला ‘हो’ म्हणणारा डॉक्टर तुमचा हितचिंतक नाही.

भाजल्यानंतर मान, काख, कोपर आखडलं असेल तर थेट प्लास्टिक सर्जरीकडे जा, सौंदर्य क्लिनिककडे नाही. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी सुरू करता येते, आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार येतात. निव्वळ दिसण्यासाठीचं काम योजनेत बसत नाही.

आणि ते उद्याचं औषध

आशेला आधार आहे. गर्भातल्या बाळाची कातडी साधारण 24 व्या आठवड्यापर्यंत वण न टाकता भरते; काटेरी उंदराची एक आफ्रिकन जात मोठ्या झाल्यावरही ते करते. म्हणजे निसर्गाला रफू येतं.

2021 मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल लॉन्गेकर यांच्या गटाने दाखवलं की जखमेत ताण जाणवला की काही पेशींत एनग्रेल्ड-1 नावाचं जनुक जागं होतं आणि त्या वण टाकतात. ताणाचा हा निरोप पोचवणारा दुवा व्हर्टेपोर्फिनने अडवला, तेव्हा उंदरांच्या जखमा केस आणि ग्रंथींसकट भरल्या, ताकदही जवळपास मूळची. व्हर्टेपोर्फिन नवं नाही, डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी अमेरिकेत 2000 सालापासून मान्य आहे. थोडक्यात, आपली कागदी पट्टी बाहेरून ताण कमी करते आणि हे औषध पेशीला ताण कळूच देत नाही. दोघांचा धंदा एकच.

शंका कुठे? पहिली, उंदराची कातडी सैल असते आणि तो जखम मुख्यतः आकसून भरतो. प्रयोगात जखमेभोवती कडं शिवून ते टाळतात, तरी उंदीर तो उंदीर. दुसरी, असा अपेक्षाभंग आधी झालाय. ॲव्होटर्मिन हे इंजेक्शन सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत चांगलं दिसलं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये तिसऱ्या टप्प्यात साफ नापास झालं. तिसरी, व्हर्टेपोर्फिन उजेडाला चेतणारं औषध आहे. डोळ्यासाठी शिरेतून दिल्यावर पाच दिवस ऊन टाळायला सांगतात. जखमेत सूक्ष्म डोस दिल्यावर काय, ते परभणीच्या मे महिन्यात कोणी तपासलेलं नाही.

पण या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट बातम्यांत सुटते: ही औषधं ताज्या जखमेत द्यायची आहेत. दहा वर्षांच्या जुन्या वणावर ती चोळून काही होणार नाही. जुना वण घालवायचा तर तो कापून नवी जखम करावी लागेल आणि तिथे औषध द्यावं लागेल. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत हे जमेल. फडातल्या कोयत्याच्या घावासाठी मात्र ते औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये, टाके घालणाऱ्याच्या हाताशी हवं. म्हणून आज ज्याचा वण सहा आठवड्यांचा आहे त्याने उद्याच्या औषधासाठी पट्टी आणि जेल थांबवणं म्हणजे हातचं सोडणं.

‘स्प्रे स्किन’ म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते रीसेल 2018 पासून अमेरिकेत भाजलेल्यांसाठी मान्य आहे. टपाल तिकिटाएवढ्या कातडीच्या पेशी फवारून 80 पट जागा झाकता येते, त्यामुळे कातडी काढलेल्या जागेचा वण लहान राहतो. मात्र वणच पडत नाही असा दावा त्याचा नाही.

एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) आणि स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं ‘भविष्यातला उपचार आजच’ म्हणून विकली जातात, त्यांना आमच्याकडून शून्य. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कामासाठी स्टेम सेल चाचणीबाहेर देताच येत नाहीत. ‘आमच्याकडे ट्रायल चालू आहे’ असं कोणी म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर टाकून बघा. रुग्णालयाचं नाव तिथे दिसायला हवं. संमतीपत्र मराठीत हवं, त्याची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी, आणि तपासलं जाणारं औषध तुम्हाला विकत घ्यावं लागता कामा नये. पावती फाडली जात असेल तर ती ट्रायल नाही, दुकान आहे.