नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकाव्या की स्ट्रटपण बदलावे? दोन्ही घरी करून बघितलंय

गाडी खाली घ्यायचं, म्हणजे आखूड आणि कडक लोअरिंग स्प्रिंगा टाकून तिची उंची कमी करायचं मनावर घेतलं की हा प्रश्न पडतोच. स्प्रिंगांचा सेट बघून ठेवलाय, गाडीचे शॉकअप (स्प्रिंगची उडी आवरणारे; स्प्रिंग ज्यावर बसते तो पुढचा शॉकअप म्हणजे स्ट्रट) लीक नाहीयेत, नीट चालतायत, मग ते कशाला बदलायचे? मी पण तेच धरून चाललो होतो. एकाच गाडीवर आधी नुसत्या स्प्रिंगा टाकल्या आणि वर्ष व्हायच्या आत तेच सगळं परत खोलून स्ट्रट बदलले. तुमची गाडी वेगळी असेल, चालवायची पद्धत वेगळी असेल, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

आधी नुसत्या स्प्रिंगांची बाजू, कारण ती अगदीच लंगडी नाहीये. खर्च बराच कमी. गाडी नवी असेल, शॉकअप थोडेच चाललेले असतील आणि स्प्रिंग 20-25 एमएमच खाली घेणारी असेल तर बऱ्याच गाड्यांवर हे छान चालतं. माझ्या एका मित्राची गाडी 2 वर्षं अशीच चालतेय, मी स्वतः चालवलीय, तक्रार करण्यासारखं काही नाही. आणि दिसायला तर दोन्हीत काडीचा फरक नाही, चाक आणि मडगार्डमधली ती मोकळी जागा भरून निघते ती स्प्रिंगमुळे, स्ट्रटमुळे नाही.

माझ्या गाडीचे शॉकअप तेव्हा 60 हजार किलोमीटर चाललेले होते आणि स्प्रिंगा 35 एमएम खाली घेणाऱ्या. टाकायच्या आधी चारही कोपऱ्यांवर बॉनेट-डिकी दाबून सोडून बघितलं, गाडी एकदा वर येऊन थांबत होती, म्हणलं शॉकअप ठणठणीत आहेत. ही परीक्षा फसवी आहे हे नंतर कळलं. हाताने दाबून फक्त पार मेलेला शॉकअप सापडतो, अर्धा थकलेला नाही.

मला शेवटी जे सहन झालं नाही ते म्हणजे दुसरी उडी. खड्ड्यात चाक गेलं की धक्का बसणारच, कडक स्प्रिंग घेतलीय तर तो थोडा जास्त बसणार, त्याला माझी ना नव्हती. पण धक्का बसून गेल्यावर गाडी परत वर यायची, खाली जायची, परत थोडी वर. पुलावरचे जॉइंट ठरावीक अंतरावर येतात तिथे तर पहिल्याची उडी संपायच्या आत दुसरा जॉइंट यायचा आणि गाडीचं नाक सारखं होकार दिल्यासारखं हलत राहायचं. बायको शेजारी बसलेली, ती एकदा म्हणाली, "सारखा ब्रेक का मारतोयस?" माझा पाय ब्रेकवर नव्हताच! त्या दिवसापासून मला दुसरं काही जाणवेनासंच झालं. वळणावर गाडी मस्त सपाट राहायची, स्टिअरिंग चटकन ऐकायचं, पण लक्ष सगळं त्या उडीकडे. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांना मळमळायला लागलं तेव्हा हे असंच चालू ठेवण्यात अर्थ नाही हे पटलं.

कारण तसं सरळ आहे. कडक स्प्रिंग दाबली गेली की उघडताना जास्त जोर लावते आणि तो जोर आवरायचं काम शॉकअपचं. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या मऊ स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्यात तो थकलेला. वर आणखी एक, गाडी 35 एमएम बसली म्हणजे शॉकअपची दांडी कायमची तेवढी आत गेलेली असते, दाबायला जागा तेवढीच कमी उरते, मग मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर जाऊन आदळते आणि ते रबर पण परत वर ढकलतंच. स्प्रिंगच्या पाकिटात बंप स्टॉप कापायला सांगितलं असेल तर ते म्हणूनच, कंटाळा करून तसंच बसवू नका.

आता घरी काम करणाऱ्याने यात काय बघावं. पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या तर स्ट्रट पूर्ण बाहेर काढावाच लागतो, म्हणजे स्टॅबिलायझरची लिंक, ब्रेक पाइपचा क्लॅम्प, एबीएसची वायर, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) बोल्ट, वरचे नट, सगळं आलंच. तेवढं करून हातात सुटा आलेला जुना शॉकअप परत आत घालायचा, आणि वर्षाने हेच पुन्हा, अलाइनमेंटसकट. माझे दोन शनिवार-रविवार गेले, पहिल्या वेळी एका बाजूचा लिंकचा नट असा गंजलेला की त्यातच अर्धा दिवस गेला.

त्याहून मोठी गोष्ट मला दुसऱ्या वेळी कळली. या कामात खरी भीती असते ती जुनी स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दाबायची. कंपनीची स्प्रिंग लांब असते आणि स्ट्रटवर चांगलीच दाबून बसवलेली असते, ती नीट दाबल्याशिवाय मधला नट सोडला तर जीवावर बेतू शकतं. दोन्ही कॉम्प्रेसर समोरासमोर लावायचे, हाताच्या पान्याने आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, इम्पॅक्ट गन अजिबात नाही, आणि चेहरा स्प्रिंगच्या सरळ रेषेत आणायचाच नाही. आता स्ट्रटसोबत वरचं माउंट, बेअरिंग, स्प्रिंगची वरची सीट, बूट (दांडीवरचं रबरी आवरण) हे पण नवीन घेतलं तर जुनी स्प्रिंग दाबायची वेळच येत नाही! जुना संच आहे तसा अख्खा काढून बाजूला ठेवायचा. नवीन संच आदल्या रात्री टेबलावर जुळवून ठेवायचा, आणि लोअरिंग स्प्रिंग आखूड असल्याने तिला बऱ्याचदा थोडंसंच दाबावं लागतं. उद्या गाडी विकायची झाली तर जुना संच चार बोल्टांत परत. एकट्याने काम करणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे असं मला वाटतं.

जुळवताना दोन गोष्टी माझ्याच्याने चुकता चुकता राहिल्या. स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेत टेकलंय ना ते बघा आणि स्प्रिंगवरची अक्षरं सरळ वाचता यायला हवीत, उलटी दिसत असतील तर स्प्रिंग उलटी बसलीय. आणि दांडी फिरते म्हणून तिला पक्कडीने धरू नका, ओरखडा पडला की सील गेलं समजा, वरच्या खाचेत ॲलन की घालून धरायची.

स्ट्रट घ्यायचे ठरले तर आखूडच घ्या. शॉकअप बनवणाऱ्या बिल्स्टाइन कंपनीचं उदाहरण घ्यायचं तर बी-6 मूळ उंचीसाठी आणि बी-8 खाली घेतलेल्या गाडीसाठी, बी-12 म्हणजे तोच बी-8 आणि आयबाख कंपनीच्या स्प्रिंगा एकत्र. मूळ लांबीच्या स्ट्रटवर आखूड स्प्रिंग टाकली तर चाक पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग सैल होऊ शकते, जॅकवर घेतली की हाताने हलते, आणि मग खटखट सुरू. बंप स्टॉपचं पण सूचनापत्रक वाचून घ्या, काही स्ट्रटमध्ये तो आतच असतो, तिथे बाहेरचा घालायचा नसतो.

कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणारा शॉकअप-स्प्रिंगचा संच) विचार मी पण केला होता. उंची बदलता येते हे खरं, पण रोजच्या गाडीला ती एकदा लावली की पुन्हा कोण बदलतं, आणि चिखलाने उंची बदलायच्या चुड्या (आटे) जाम झाल्या की बदलायची म्हणली तरी बदलत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांचं गणित वेगळं असेल.

स्ट्रट बदलल्यावर सगळं गुळगुळीत झालं असं म्हणणार नाही. हळू वेगात बारीक खडी, रस्त्याच्या चिरा जास्त कळतात, आणि खर्च दुपटीच्या पुढे गेला. पण त्याच पुलावरून गेलो तेव्हा प्रत्येक जॉइंटला एक ठक, आणि गाडी जागच्या जागी शांत. पुन्हा ठक, पुन्हा शांत.

स्प्रिंगा घेऊन झाल्या असतील आणि शॉकअप 40-50 हजार चाललेले असतील तर मी म्हणेन त्या डब्यातच राहू देत, स्ट्रटचे पैसे जमले की एकदमच खोला. नंतर कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळा, हवेत आवळले तर बुश (सांध्यातली रबरं) कायम पिळलेले राहतात. शेदोनशे किलोमीटर चालवून अलाइनमेंट करा, टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडलेला राहिला तर टायर आतून कधी खाल्ले गेले ते कळतही नाही. आणि हेडलाइटचा झोतपण एकदा भिंतीवर बघून घ्या, पुढून-मागून सारखी बसली नसेल तर तो हललेला असतो.