‘आहेस तशीच छान आहेस’ म्हणत त्याने माझे ८५,५०० रुपये नेले

माझ्या बायोडाटात मावशीने ‘बांधा मध्यम’ असं लिहिलं होतं. उंची ५ फूट २ इंच, वजन ८४ किलो. फोटो गळ्यापर्यंत कापलेला. चार वर्षांत अकरा स्थळं झाली. पोहे खाऊन गेलेली माणसं दोन दिवसांनी ‘पत्रिका जमत नाही’ असा निरोप पाठवायची. एक बाई तर जिना उतरता उतरता, मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "फोटोत एवढी वाटत नव्हती." हे सगळं मीच त्याला विश्वासाने सांगितलं होतं आणि त्याने तेच वापरलं, म्हणून आधी सांगते आहे.

लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर ओळख झाली. पुण्यात बाणेरला नोकरी, वडील नाहीत, आई साताऱ्याला, असं त्याने सांगितलं. पहिल्याच आठवड्यात पूर्ण फोटो मागितला. दोन दिवस मी दिला नाही. दिला तेव्हा उत्तर आलं, "हाच आधी का नाही लावलात? यात तुम्ही जास्त छान दिसता." एकतीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. रोज रात्री तासभर बोलणं सुरू झालं, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. नाशिकला यायचं ठरलं की ऐन वेळी काहीतरी निघायचं.

दोन महिन्यांनी तो म्हणाला, "मला काहीच फरक पडत नाही गं, आहेस तशीच छान आहेस. पण आईला नातेवाइकांना तोंड द्यायचंय. साखरपुड्याआधी दहा किलो उतरलं तर ती स्वतःच तारीख काढेल." आता वाचताना तुम्हाला लगेच कळेल. मला तेव्हा एवढंच दिसलं की नकार मिळालेला नाही, फक्त दहा किलोंचा प्रश्न आहे.

त्याची मावसबहीण म्हणे आहारतज्ज्ञ होती. तिच्या ‘कोर्स’चे आधी १८,५००, मग कसल्याशा तपासणीचे २७,०००, मग ‘पोटाच्या उपचारां’चे ४०,००० आगाऊ. कुरिअरने पांढऱ्या बाटल्या आल्या. त्यांवर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना घटक. रोज सकाळी सहाला वजनकाट्यावर उभं राहून आकड्याचा फोटो तिला पाठवायचा. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर पावत्या तपासते. तीन वेळचे पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेले, हे मला दिसत होतं. विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं की मी अविश्वास दाखवते, म्हणून विचारलं नाही. घरीही सांगितलं नाही. लग्नासाठी बारीक व्हायला पैसे भरते आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पाच किलो उतरलं. पण झोप उडाली, तोंडाला कोरड पडायची, बसल्या जागी छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि आधी गोळ्या बंद करायला लावल्या. जाडी घटवणाऱ्या अशा बिननावाच्या ‘हर्बल’ औषधांत सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं सापडतं, असं त्या म्हणाल्या. हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे २०११ साली त्यावर बंदी आली. माझ्या बाटलीत काय होतं ते मला अजून माहीत नाही. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करत औषधाची जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हे मला नंतर कळलं.

गोळ्या बंद केल्या म्हटल्यावर तो चिडला. "आपल्या लग्नासाठी एवढंही होत नाही तुला?" दुसऱ्या दिवशी दोघांचेही नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला मी तीन आठवडे लावले. खात्यांतले पैसे तोवर पुढे निघून गेले होते. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात फोन केला तर ते अडवता येण्याची शक्यता असते. तुमच्यावर वेळ आली तर थांबू नका. लग्नाआधी कुणी वजनाच्या नावाखाली एक रुपया जरी मागितला, तरी त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा. माझा भाऊ ओरडेल असं वाटलं होतं. तो माझ्याबरोबर सायबर पोलिसांकडे आला आणि चार तास बाकावर बसून राहिला.

बाटल्या, कुरिअरची पावती, मेसेज, यातलं काहीही टाकू नका. शरमेपोटी मी पहिल्या काही महिन्यांचं चॅट पुसून टाकलं होतं. दहा किलोंची अट आणि पहिल्या खात्याचा नंबर त्यातच होता.