एडीएयू१७०१ आणि सिग्मास्टुडिओ: सात महिने वापरल्यावर

घरच्या टू-वे स्पीकरमधलं कॉइल-कपॅसिटरचं क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला, वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) उपटून त्या जागी एडीएयू१७०१ ही डीएसपी (आवाजावर आकडेमोड करणारी) चिप लावली, त्याला सात महिने झाले. तयार बोर्ड घेतला. हिला निवडायचं कारण एवढंच, की दोन एडीसी (आवाजाचे आकडे करणारे) आणि चार डीएसी (आकड्यांचा परत आवाज करणारे) हिच्या पोटातच आहेत. स्टिरिओ आत, दोन वूफर नि दोन ट्वीटर बाहेर, हिशोब चोख. एडीएयू१४५२ ही चिप हिच्यापेक्षा कितीतरी दांडगी आणि ३२ बिटची, पण तिला कोडेक (एडीसी-डीएसीची चिप) वेगळा जोडावा लागतो.

दिवसभर ऑफिसात सी लिहितो. तिथे फिल्टरचा एक आकडा बदलायचा म्हणजे कंपाइल, फ्लॅश, रिसेट. नवा आवाज कानावर पडेपर्यंत आधीचा कसा होता हेच विसरायला होतं. सिग्मास्टुडिओ या चिपच्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे ओढून आणायचे, तारा जोडायच्या आणि ‘लिंक कंपाइल डाउनलोड’ दाबायचं. पुढे इक्यूची (ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या फिल्टरची) वारंवारता माउसने सरकवली की गाणं चालू असतानाच आवाज बदलतो. पहिल्याच रात्री हार्मोनियमचं एक रेकॉर्डिंग लावून हजार हर्ट्झच्या आसपासची डेसिबल वरखाली करत बसलो. पेटी नाकात बोलायची थांबते ती जागा आकडा न बघता सापडली. तेव्हा दीड वाजला होता.

वूफर आणि ट्वीटरचा आवाज कानावर एकदम पोचावा म्हणून ट्वीटरला ४ सॅम्पलचा डिले (उशीर) दिला आहे. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं) एक सॅम्पल म्हणजे हवेतले साधारण ७ मिलिमीटर, म्हणजे ट्वीटर जवळजवळ तीन सेंटिमीटर मागे सरकवल्यासारखा झाला. सुतारकाम वाचलं.

आता मर्यादा. ४८ किलोहर्ट्झला दर सॅम्पलमागे १०२४ इन्स्ट्रक्शन मिळतात. किती खर्च झाल्या ते कंपाइल झाल्यावर खालच्या खिडकीत दिसतं. माझं सगळं निम्म्याच्या आत बसलं. डेटा मेमरी मात्र २ के (२०४८) शब्दांची, म्हणजे सगळी डिलेला दिली तरी ४२ मिलिसेकंद. मोठ्या हॉलचा रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) हवा असेल तर दुसरी चिप बघा.

दोन रविवार खाल्ले ते वूफरच्या हाय-पासने, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणाऱ्या फिल्टरने. ३५ हर्ट्झला फिल्टर लावला, आणि आलाप शांत झाला की मागे बारीक खरखर. आधी अर्थिंगवर संशय घेतला, मग ॲडॉप्टर बदलला. दोघेही निर्दोष. इथलं गणित २८ बिटचं, फिक्स्ड पॉइंट, म्हणजे दशांशचिन्हाची जागा ठरलेली. एवढ्या खालच्या वारंवारतेला फिल्टरचे गुणक १ आणि २ ला इतके खेटून बसतात, की राउंडिंगची किरकोळ चूक फीडबॅकमध्ये फिरून फिरून मोठी होते. तो एक ठोकळा डबल प्रिसिजनचा (दुप्पट बिटांचा) घेतला, खरखर गेली. बदल्यात काही इन्स्ट्रक्शन जास्त लागल्या, त्या दिल्या. वरच्या वारंवारतेच्या फिल्टरना याची गरज पडली नाही.

इनपुटचा रेझिस्टरही बघून घ्या. एडीसी व्होल्टेज नाही, करंट मोजतो. १०० मायक्रोॲम्पियरला फुल स्केल, म्हणजे कमाल पातळी. आतला २ के (किलोओहम) धरून बाहेर १८ के लावला की २ व्होल्टला पातळी भरते. माझा फोन तिथवर पोचतच नव्हता, म्हणून ८.२ के लावले. व्हॉल्यूमचं पॉट (फिरवायचं बटण) थेट चिपला जोडता येतं, ८ बिटचं असलं तरी घरात पुरतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे, पण फक्त विंडोजवर. बोर्ड लॅपटॉपला जोडणारा प्रोग्रॅमर स्वस्तातला नकली घेऊ नका. ड्रायव्हर बसवण्यातच माझी एक संध्याकाळ गेली.

फजिती झाली ती गणपतीत. सोसायटीच्या मांडवात हेच स्पीकर नेले होते. दुपारी लॅपटॉप जोडून सगळं जुळवलं, सगळे खूश. ऐन आरतीत वीज गेली, परत आली, आणि ट्वीटर मुके. डाउनलोड केलेला प्रोग्रॅम चिपच्या रॅममध्ये होता, वीज गेली की ती पुसली जाते; वीज गेली तरी टिकणाऱ्या ईईप्रॉम मेमरीत महिनाभर जुना, अर्धवट प्रयोग. ‘राइट लेटेस्ट कंपायलेशन’ करायचं, म्हणजे नवा प्रोग्रॅम ईईप्रॉममध्ये लिहायचं, मीच विसरलो होतो. आरती टाळ्यांवर पूर्ण झाली. आता लॅपटॉप काढला की बोर्डाचा प्लग एकदा उपसून परत लावतो, दोन्ही वूफर आणि दोन्ही ट्वीटर वाजले तरच उठतो.